चिमणीचा पाइप बदलण्याआधी डक्टचं तोंड पाहा

ताई, आधी एक काम करा, बाकीचं मग वाचा. गीझरकडे जाणारा गॅसचा कॉक बंद करा आणि त्यावर कागद चिकटवून ‘वापरायचा नाही’ असं लिहा. नुसतं घरच्यांना सांगून भागत नाही. पाहुणे येतात, सुट्टीला मुलं येतात, कोणीतरी नळ उघडतं आणि गीझर पेटतो. काही दिवस गॅसच्या शेगडीवर पातेल्यात पाणी तापवा.

तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. ठाण्याच्या नौपाड्यात १९८०च्या सुमाराची चार मजली इमारत, तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर. बाथरूममध्ये पाइपच्या गॅसवर चालणारा सहा लिटरचा गीझर आहे आणि त्याचा धूर ॲल्युमिनियमच्या नळकांड्यातून, म्हणजे चिमणीच्या पाइपमधून, डक्टमध्ये (बाथरूमना हवा यावी म्हणून इमारतीत ठेवलेल्या उभ्या पोकळीत) सोडलेला आहे. महिन्याभरात सासूबाईंना अंघोळ करून आल्यावर दोनदा गरगरलं, डोकं दुखलं, एकदा उलटी झाली. डॉक्टरांनी बीपी तपासलं, बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९८ दाखवला. प्लंबरने पाहून सांगितलं की पाइप सडलाय, दीड हजारात नवीन टाकतो. तुम्ही विचारताय, पाइप बदलला की झालं ना?

नाही झालं. पाइप सडलाय हे प्लंबरचं निदान बरोबर असेल, पण तो सडला का आणि नवा पाइप धूर नेऊन टाकणार कुठे, हे त्याने पाहिलेलं दिसत नाही. तुम्ही पत्रात शेवटी सहज एक ओळ लिहिली आहे, की गेल्या पावसाळ्याआधी सोसायटीने गच्चीवर पत्र्याची शेड टाकली. माझं लक्ष तिथेच अडकलं. त्यावर येतोच.

आधी सासूबाईंबद्दल. मी डॉक्टर नाही, पण ठाणे, कळवा, वाशी या पट्ट्यात सव्वीस वर्षं गीझर आणि शेगड्यांची कामं करतोय आणि हे चित्र मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे. अंघोळीनंतर गरगरणं, डोकं जड होणं, मळमळ, पायातलं बळ गेल्यासारखं वाटणं, आणि बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसलं की तासाभरात बरं वाटणं. ही कार्बन मोनॉक्साइडची लक्षणं असू शकतात. या वायूला रंग नाही, वास नाही. गॅस गळला तर जो उग्र वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो, आणि ते ज्योतीत जळून जातं. त्यामुळे ‘वास तर काही येत नव्हता’ याने निश्चिंत होऊ नका.

ऑक्सिमीटरच्या ९८ नेही निश्चिंत होऊ नका. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बोटाला लावायचं साधं यंत्र हिमोग्लोबिनला प्राणवायू चिकटलाय की हा विषारी वायू, हा फरक ओळखू शकत नाही. त्याला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून माणूस गुदमरत असतानाही आकडा चांगला येतो. खरं कळतं ते रक्तातलं कार्बॉक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे हा विषारी वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन, मोजल्यावर, आणि तेही लवकर मोजलं तर. साध्या हवेत श्वास घेत राहिलं तर चार-पाच तासांत त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं, मास्कने शुद्ध प्राणवायू दिला तर साधारण तासा-दीड तासात. दुसऱ्या दिवशी तपासलं तर कदाचित काहीच सापडणार नाही. सासूबाईंच्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा, ‘अंघोळ गॅस गीझरच्या बाथरूममध्ये होते आणि चिमणीचा पाइप फुटलेला निघाला.’ हे वाक्य डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही, कारण घरच्यांना त्याचा संबंध सुचत नाही. बाथरूममध्ये फिट आली म्हणून नेलेल्या माणसाचं मूळ गॅस गीझरमध्ये निघाल्याच्या नोंदी भारतातल्या डॉक्टरांनी केल्या आहेत.

आता गीझर. सहा लिटरचा म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवणारा. त्याला जवळपास १२ किलोवॉट उष्णता लागते, शेगडीच्या मधल्या बर्नरच्या कितीतरी पट. तासाला सव्वा घनमीटरच्या आसपास गॅस जळतो आणि तो नीट जळायला १२ घनमीटर हवा लागते. तुमची बाथरूम साडेचार फूट बाय सहा फूट आणि साडेआठ फूट उंच आहे, म्हणजे आत हवा साडेसहा घनमीटर. खिडकी बंद, दार बंद, आणि धूर बाहेर न जाता आतच फिरतोय असं धरा. प्राणवायू २१ टक्क्यांवरून १८ वर यायला हिशेबाने पाचेक मिनिटं लागतात, दाराखालच्या फटीमुळे थोडी जास्त. तिथून ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो. गीझरला वीस मिनिटांनी बंद होणारा टायमर आहे असं तुम्ही लिहिलंय. तो टायमर फक्त वेळ मोजतो. हवेत काय आहे हे त्याला कळत नाही, आणि नळ बंद करून पुन्हा उघडला की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू.

हा सगळा धूर चिमणीने बाहेर न्यायचा असतो. तुमच्या गीझरला पंखा नाही, म्हणजे गरम धूर हलका असल्यामुळे आपोआप वर चढतो एवढ्याच जोरावर ही चिमणी चालते. हा जोर किती असतो? दोन फूट उभा पाइप आणि त्यात १२० अंशांचा धूर धरला तर दीड पास्कलच्या जवळपास. पाण्याच्या पातळीत सांगायचं तर मिलिमीटरचा सहावा-सातवा भाग. फुंकर मारली तरी याहून जास्त दाब पडतो. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन बंद खोलीत हा ओढा सहज उलटवतो, आणि स्वयंपाकघरातली तासाला हजार घनमीटर हवा ओढणारी इलेक्ट्रिक चिमणी तर सगळ्या घराची हवा खेचून घेते. ती चालू असताना बाथरूमचं दार किलकिलं असेल तर गीझरचा धूर पाइपमधून वर जायच्याऐवजी घरात उतरतो. वाफ जावी म्हणून अंघोळीला एक्झॉस्ट लावायचा, असं बऱ्याच घरांत चालतं. तुमच्याकडे तसं असेल तर तेही कारण असू शकतं.

इतक्या नाजूक जोरावर चालणाऱ्या पाइपचं दुसरं टोक बंद जागेत सोडलं तर काय होणार? म्हणून म्हणतो, प्लंबरला बोलावण्याआधी गच्चीवर जा आणि डक्टचं तोंड पाहा. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत हे मी पुन्हा पुन्हा पाहतो. मूळ नकाशात डक्ट वर आभाळाला उघडा असतो. मग पावसाचं पाणी आत येतं, भिंतींना ओल धरते, कबुतरं शिरतात. सोसायटी वैतागते आणि गच्चीवर शेड टाकताना डक्टवरही पत्रा ओढून घेते, किंवा पारदर्शक प्लॅस्टिकची शीट ठोकते. खाली तळमजल्यावर कोणीतरी डक्टचं दार बंद करून सामान ठेवलेलं असतं. दोन्ही टोकं बंद झाली की डक्ट म्हणजे एक उभी पेटी. चार मजल्यांचे गीझर त्यात धूर सोडतात आणि त्याच पेटीत सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात. तुमच्या सासूबाईंना झालेला त्रास तुमच्याच गीझरचा असेल असंही नाही, खालच्या मजल्यावरच्या घराचा असू शकतो. तुम्ही दिलेल्या वेळा सकाळी सातच्या सुमाराच्या आहेत, तेव्हा सगळी इमारत अंघोळी करत असते.

हे मी एवढं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी कळव्याला एका घरी मी असाच फुटलेला पाइप बदलला. काम स्वच्छ केलं, सांधे घट्ट केले, ज्योत निळी दिसली, पैसे घेऊन निघालो. दहाव्या दिवशी त्यांचा फोन आला. मोठी मुलगी बाथरूममध्ये पडली होती, वडिलांनी कडी तोडून बाहेर काढली, वेळेत दवाखान्यात पोचली म्हणून वाचली. मी धावत गेलो, या वेळी गच्चीवर चढलो. डक्टवर पत्रा होता, वरून ताडपत्री. पाइप माझा उत्तम होता, पण त्याने धूर पेटीत भरला आणि पेटीने तो खिडकीतून परत दिला. त्या दिवसापासून मी हत्यारांची पिशवी खाली ठेवतो आणि आधी गच्चीवर जातो.

गच्ची पाहून झाली की घरातली तपासणी. हे काम गीझरच्या कंपनीच्या माणसाकडून किंवा गॅस उपकरणांची खरोखर माहिती असलेल्या मेकॅनिककडून करून घ्या. गॅसच्या लाइनला हात लावायचा असेल तर फक्त पाइपचा गॅस पुरवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत माणसाकडून. तो काय पाहतो ते मात्र तुम्ही शेजारी उभं राहून पाहा.

पाइप काढल्यावर त्याची आतली खालची बाजू बघा. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते, तुमच्या गीझरच्या बाबतीत तासाभराच्या वापराला जवळपास दोन लिटर पाणी होईल इतकी. पाइप लांब, आडवा आणि मध्ये लोंबलेला असेल तर ही वाफ आतच थंड होऊन साचते. ते पाणी किंचित आम्ल असतं. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि खालच्या बाजूला सुईएवढी भोकं पडतात. तुमच्या प्लंबरला दिसलेली सड बहुधा हीच. म्हणजे नवा पाइप त्याच लोंबत्या वाटेने टाकला तर दोन-तीन वर्षांत पुन्हा तेच. पाइपमध्ये काटक्या, तारेचे तुकडे, पिसं सापडली तर कबुतर आत आलं होतं असं समजा.

मग गीझरचं झाकण काढायचं. वर तांब्याच्या पातळ पात्यांचा हीट एक्स्चेंजर असतो, ज्योतीची उष्णता पाण्याला देणारा. त्या पात्यांमध्ये काजळी आणि कपड्यांची बारीक तूस अडकली की धुराला वर जायला वाट राहत नाही, मग पाइप कितीही चांगला असो. बर्नरच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं सापडणं नेहमीचं आहे. ज्योत निळी आणि खुटखुटीत हवी. पिवळी, लांब, आळसावलेली ज्योत आणि झाकणावर वरच्या बाजूला काळा डाग, ही दोन्ही वाईट चिन्हं. निळी ज्योत दिसली म्हणजे सगळं ठीक असंही नाही. कळव्याला ती निळीच होती.

एक प्रश्न तुम्हालाच विचारतो. हा गीझर आधी सिलिंडरवर होता का? पाइपचा गॅस आला तेव्हा शेगडीच्या जेट (गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या) बदलून दिल्या जातात, आणि मग एखादा स्थानिक माणूस गीझरच्या जेटलाही ड्रिल मारून देतो. दोन्ही गॅस वेगळे, त्यांचा दाब वेगळा, प्रत्येकाला लागणारी हवा वेगळी. घरगुती सिलिंडरचा रेग्युलेटर साधारण ३० मिलिबार देतो, पाइपच्या गॅसचा दाब २१ च्या आसपास असतो. अंदाजाने मोठ्या केलेल्या भोकातून योग्य प्रमाण साधत नाही. असा गीझर मी दुरुस्त करत नाही, काढायला सांगतो. निर्मात्याने पाइपच्या गॅससाठी बनवलेलाच घ्यावा.

आता समजा डक्ट उघडा करून मिळाला आणि पाइप नवा टाकायचा ठरला. मग माझा हट्ट पुढीलप्रमाणे असतो. किचन चिमणीला वापरतात तो घड्यांचा लवचिक फॉइल पाइप नको. त्याच्या घड्यांत पाणी साचतं आणि धक्का लागला की फाटतो. पीव्हीसी तर अजिबात नको; गरम धुराने तो मऊ होऊन खाली बसतो, आणि आपल्याकडे तो लावलेला मी पाहिलाय म्हणून सांगतो. स्टेनलेस स्टीलचा, ३०४ दर्जाचा कडक पाइप घ्यायचा. गीझरच्या तोंडाचा व्यास जेवढा, तेवढाच शेवटपर्यंत. भिंतीतलं जुनं भोक लहान आहे म्हणून वाटेत पाइप बारीक करायचा नाही, भोक मोठं करायचं. गीझरवरून पहिला वळसा घेण्याआधी किमान दोन फूट सरळ उभा जाऊ द्यायचा. चढणाऱ्या धुराला जोर मिळतो तो इथेच. आडवा भाग शक्य तितका आखूड आणि बाहेरच्या बाजूला चढता. पंखा असलेल्या गीझरला उलट, बाहेर किंचित उतार देतात, म्हणजे पाऊस आत येत नाही. त्यामुळे शेजाऱ्याकडचं पाहून तसंच करू नका. सांध्यात वरचा पाइप खालच्या पाइपच्या आत बसला पाहिजे. म्हणजे आत ओघळणारं पाणी आतच राहतं, सांध्यातून बाहेर गळत नाही. कापडी किंवा प्लॅस्टिकची चिकटपट्टी नाही, उष्णता सोसणारं सील आणि क्लॅम्प. बाहेरच्या टोकाला वारा आणि पक्षी दोन्ही अडवणारी टोपी.

पण खरं सांगू का, तुमच्या घरात मी डक्टमध्ये पाइप सोडणारच नाही. उघडा असला तरी डक्ट हा मुळात बाथरूमना हवा यावी म्हणून ठेवलेला आहे, इतरांच्या खिडक्या त्यात उघडतात. अनेक निर्मात्यांच्या माहितीपत्रकात गीझर बाथरूममध्ये बसवू नये असंच लिहिलेलं असतं आणि मला ते पूर्ण पटतं. तुमच्याकडे स्वयंपाकघरामागे कपडे वाळत घालायची बाल्कनी आहे. तिला काचा लावल्या नसतील तर गीझर तिथे न्या आणि तिथून गरम पाण्याची लाइन बाथरूमला आणा. पाणी यायला वीस-तीस सेकंद जास्त लागतील, एवढीच गैरसोय. पाइपचं टोक बाहेरच्या भिंतीतून मोकळ्या हवेत. वरच्या आणि शेजारच्या खिडकीपासून मी निदान एक मीटर अंतर ठेवतो. माहितीपत्रकात जास्त सांगितलं असेल तर तेवढं. भिंत फोडताना तुळई आणि खांब सोडून, सोसायटीची लेखी परवानगी घेऊन. बाल्कनी काचबंद असेल तर ती खोलीच धरायची आणि बाहेरूनच हवा घेऊन बाहेरच धूर टाकणारा सीलबंद प्रकारचा गीझर बघायचा.

हे शक्य नसेल तर विजेचा साठवणीचा गीझर घ्या, १५ लिटर, दोन किलोवॉटचा. मी गॅसची कामं करणारा माणूस आहे, तरी तुमच्या परिस्थितीत हाच सल्ला आधी देतो. सासूबाईंना एकटीने दार लावून अंघोळ करायची असते, त्यांच्यासाठी बाथरूममध्ये ज्योत नसणंच चांगलं. वायरिंग जुनं असेल तर गीझरसाठी वेगळी लाइन, १६ अँपिअरचा सॉकेट, पक्कं अर्थिंग आणि वीज गळली तर ३० मिलिअँपिअरला पुरवठा तोडणारा आरसीसीबी स्विच हे आधी करून घ्या.

सोसायटीचं काय करायचं हा तुमच्या एकटीचा प्रश्न नाही, आणि तुम्ही गीझर काढलात तरी तो सुटत नाही. खालच्या-वरच्या घरांचा धूर तुमच्या खिडकीपाशीच येत राहणार. सेक्रेटरींना लेखी पत्र द्या. शेड काढा असं म्हणू नका, त्यावरून भांडण होईल. डक्टच्या तोंडाभोवती विटांचा कट्टा उंच करा, त्यावर पावसासाठी टोपी ठेवा आणि चारी बाजू उघड्या ठेवून इंचभर चौकोनांची जाळी लावा असं सुचवा. त्या चारी बाजूंचं उघडं क्षेत्र मिळून डक्टच्या तोंडाएवढं तरी हवं. ती टोपी शेडच्या पत्र्याखाली दडली असेल तर उपयोग नाही, पत्रा तेवढ्यापुरता कापून घ्यावा लागेल. तळमजल्याचं दारही जाळीचं करायचं, कारण वर हवा जाण्यासाठी खालून यावी लागते. आणि कोणाकोणाचे पाइप डक्टमध्ये आहेत त्याची यादी काढा. चार मजले म्हणजे मोजकी घरं, एका रविवारी होईल.

हे होईपर्यंत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या, पण तो बाथरूमच्या डक्टकडच्या खिडकीबाहेर लावायचा मोह आवरा. तो आत, श्वासाच्या उंचीला, पाण्याचा शिडकावा होणार नाही अशा जागी लावायचा असतो. तुमच्याकडे बाथरूमच्या दाराबाहेरचा पॅसेज योग्य. घेताना त्यावर ईएन ५०२९१ हे मानक लिहिलेलं पाहा. त्यानुसार हवेत दशलक्षात ३०० भाग झाले तर तो तीन मिनिटांत वाजतो, १०० भागांना दहा ते चाळीस मिनिटांत. गॅस गळतीचा अलार्म वेगळा, त्याला हा वायू कळत नाही. दुकानदार एकाच्या जागी दुसरा देतात, म्हणून डब्यावरचं वाचून घ्या.

बाथरूमच्या आतली कडीही काढून टाका, बाहेरून उघडता येईल असं लॅच लावा. कोणी आत पडलेलं दिसलं तर दार सताड उघडा, श्वास रोखून आत जा, ओढून मोकळ्या हवेत आणा आणि मग १०८ ला फोन करा. फोनवर ‘गॅस गीझर’ हे दोन शब्द नक्की सांगा, म्हणजे प्राणवायू लगेच सुरू होतो.

आणि चिमणीचा गीझर ठेवायचाच ठरला, तर काम झाल्यावर मेकॅनिकला लगेच पैसे देऊ नका. घराच्या सगळ्या खिडक्या आणि दारं लावा, स्वयंपाकघरातली चिमणी पूर्ण वेगात चालू करा, घरात असतील ते एक्झॉस्ट फॅन लावा, आणि गीझर दहा मिनिटं चालवा. तुम्ही आत कोंडून बसू नका, मेकॅनिक आणि तुम्ही फक्त पाहायला आत जा. गीझरच्या डोक्यावर पाइप सुरू होतो तिथे बाजूने उघडी फट असते. पेटती उदबत्ती त्या फटीच्या कडेकडेने सावकाश सगळीकडून फिरवा. धूर सगळीकडे आत ओढला गेला पाहिजे. एका कोपऱ्यातही तो बाहेर तुमच्याकडे वळला तर कॉक पुन्हा बंद, कागद पुन्हा चिकटवा, आणि मेकॅनिकला घेऊन गच्चीवर जा.